मातीच्या खासगी बांधाची गळती दर पावसाळ्यात परत का येते, आणि ती कुणी थांबवायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर आंब्या-काजूची बाग, खाली पऱ्या, म्हणजे लहान ओढा, पऱ्यावर वडिलांनी नाहीतर आजोबांनी घातलेला मातीचा बांध. उंची तीन ते पाच मीटर. पाणी कलमांना मेपर्यंत पुरतं. जुलैत बांध तुडुंब भरला की मागच्या बाजूला पायथ्याशी ओल धरते, मग धार लागते. दिवाळीनंतर जेसीबी आणून त्या जागी चार डंपर माती दाबतात, वरून सिमेंटचा कोबा करतात. पुढच्या जुलैत पाणी पुन्हा हजर, फक्त दोन हात सरकून.

सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, वर रायगडात असे बांध पाहत फिरताना मला दोनच मूळ कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पाणी बाहेर पडतं त्याच बाजूने ते बुजवायला जातात, हे एक. आणि बांधाच्या पाण्यात वाटा सगळ्यांना हवा असतो, पण भर पावसात बॅटरी घेऊन त्यावर फेरी मारायची कुणी हे ठरलेलंच नसतं, हे दुसरं. पहिलं कारण मातीचं आहे, दुसरं सातबाऱ्याचं. दोन्ही खाली घेतो, पण आधी तातडीचं.

आत्ता गढूळ पाणी येत असेल तर

आधी माणसं. पऱ्याच्या काठावर खाली जी घरं, गोठे, मांगर असतील त्यांना फोन करा, फोन लागत नसेल तर माणूस पाठवा. पोलीस पाटलांना आणि तहसीलच्या नियंत्रण कक्षाला कळवा. ११२ आणि जिल्हा आपत्तीचा १०७७ हे दोन्ही क्रमांक त्यासाठीच आहेत. "उगाच घाबरवलं असं म्हणतील" हा विचार मनात येतोच, तो बाजूला ठेवा. चार मीटरच्या बांधामागे दहा हजार घनमीटर पाणी सहज असतं, म्हणजे एक कोटी लिटर. बांध फुटून ते वीस मिनिटांत बाहेर आलं तर सेकंदाला आठ घनमीटरचा लोंढा होतो. एरवी गुडघाभर वाहणाऱ्या पऱ्यात तो मावत नाही.

मग पाण्याची पातळी उतरवा. विमोचकाचा, म्हणजे बांधातून पाणी सोडणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. गंजून बसला असेल तर बांधावरून सायफन टाका. चार इंची पीव्हीसी पाइप पाण्याने पूर्ण भरून घ्यायचा, दोन्ही तोंडं बंद ठेवायची, एक टोक पाण्यात खोल बुडवायचं, दुसरं पायथ्याच्या पलीकडे कातळावर न्यायचं आणि मग दोन्ही उघडायची. तीन मीटर पातळीचा फरक असला तर एका पाइपातून सेकंदाला वीसेक लिटर जातात. त्या हिशेबाने दहा हजार घनमीटर उपसायला पाच-सहा दिवस लागतील, तेव्हा एका पाइपावर विसंबू नका. जितके मिळतील तितके पाइप आणि डिझेल पंप लावा. सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) कातळात असेल तर तो अजून खाली उतरवता येतो. मात्र भरावाला, म्हणजे बांधाच्या मातीच्या अंगाला, मधोमध चर मारून पाणी काढायला जाऊ नका. मातीतून वाहू लागलेलं पाणी चर किती रुंद करायचा हे तुम्हाला विचारत नाही.

गळतीच्या तोंडावर काय करायचं? तिथे चिकणमाती, सिमेंटच्या गोण्या, ताडपत्री यातलं काहीही दाबू नका. आधी जाडसर स्वच्छ वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगड. धार जोराची असली आणि वाळू टिकतच नसली तर आधी खडीने जोर मोडा, मग वाळू टाका. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत थोडं पाणी चढू द्या. पाणी येतच राहील, ते येऊ दे. माती यायची थांबली पाहिजे. पाणी स्वच्छ झालं तर रात्र निभावली. नाही झालं, किंवा माथ्यावर खळगा पडला, पाण्याच्या बाजूला भोवरा दिसला, तर भरावावरून सगळे उतरा आणि जेसीबीही बाजूला काढा.

हे पाणी नक्की कुठलं?

पायथ्याशी दिसणारं प्रत्येक पाणी बांधाचं नसतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये जांभ्याच्या कडेकपारीतून जागोजागी उपळ (झरा) फुटते. ती नेमकी तुमच्या पायथ्याशी फुटली तर ती बांधाची गळती समजून भलत्याच जागी पैसा ओतला जातो. फरक ओळखायला साधा मार्ग आहे: उघडीप बघून साठ्याची पातळी फूटभर खाली आणा. धार त्याबरोबर बारीक झाली तर पाणी बांधाचं. तशीच राहिली तर डोंगराचं, त्याला वाट करून द्या आणि सोडून द्या.

बांधाचं पाणी असेल तर पुढचा प्रश्न रंगाचा. पांढऱ्या काचेच्या बाटलीत धारेचं पाणी भरा, तासभर स्थिर ठेवा, तळाशी बसलेला गाळ बघा. स्वच्छ पाझर कुठल्याही मातीच्या बांधाला असतोच. आपल्याकडे त्याला उगाच घाबरतात, आणि गाळ आणणाऱ्या बारीक धारेला मात्र "एवढीशी तर आहे" म्हणून सोडून देतात. भरावाच्या आत पाणी मातीचा एकेक कण उचलून नेतं, मागे नळीसारखी पोकळी राहते, ती बाहेरून आत पाण्याच्या दिशेने वाढत जाते. शेवटचा टप्पा काही तासांत संपतो.

देवगडकडच्या एका बागेत बांधाचा पाझर मालकांच्या मते "कायम स्वच्छ" होता. मालक मुंबईला, वर्षातून दोनदा येणारे. राखणदार काकांना विचारलं तर ते म्हणाले, "चतुर्थेच्या वक्ताक दोन दीस पानी चायसारख्या जाता, मगे निवळता." म्हणजे धार थांबून थांबून माती आणत होती. ही सगळ्यात वाईट खूण. आतली पोकळी ढासळते, काही दिवस वाट बंद होते, पाणी निवळतं, मग पुन्हा वाट फुटते. धार तपासायची ती तुंबलेल्या दिवसात, मे महिन्यात सुक्या पायथ्यावर उभं राहून नाही.

मोजमापाला पत्रा पुरतो. नव्वद अंशांची व्ही-आकाराची खाच कापलेला पत्रा धारेच्या आडवा रोवा आणि मागे पाणी तुंबू द्या. खाचेच्या टोकापासून मागच्या पाण्याची उंची पाच सेंटिमीटर असली तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, दहा सेंटिमीटर असली तर साडेचार लिटरच्या आसपास. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट होतं, म्हणून डोळ्यांनी केलेला अंदाज इथे फसतो. वहीत चार रकाने करा: तारीख, पाऊस, साठ्याची पातळी, खाचेतली उंची. तीच पातळी असताना मागच्या वर्षीपेक्षा धार वाढली असेल तर आत काहीतरी चाललंय, मग पाणी कितीही स्वच्छ दिसो.

वाट कुठून काढलीय

पहिला संशय विमोचकाच्या पाइपावर. भरावातून आरपार गेलेल्या पाइपाच्या कुशीत आणि पोटाखाली माती नीट दाबता येतच नाही. रोलर तिथे पोचत नाही, धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) कुणी मन लावून केलेलं नसतं. पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने चालत येतं. पाइपाच्या तोंडाभोवती ओल दिसली की लोक तिथे सिमेंटची गच्च कॉलर करतात. ती चूक. शेवटच्या एक-दीड मीटरात पाइपाभोवतीची माती काढून तिथे चहूबाजूंनी वाळूचा जाड थर भरायचा आणि त्या वाळूतलं पाणी खडीतून बाहेर न्यायचं. पाइप स्वतःच सडला असेल तर मात्र हे मलम पुरणार नाही. साठा रिकामा करून पाइप बदलावा लागेल, किंवा आतून कायमचा बंद करून पाण्यासाठी सायफन ठेवावा लागेल. सायफन मला तरी जास्त आवडतो. तो भरावाच्या पोटातून जात नाही.

दुसरी जागा पाया. आपल्याकडे वर जांभा दिसला की "कातळ लागला" म्हणून खोदाई थांबते. पण जांभा एकसंध नसतो. त्यात भोकं, नळ्या, भेगा असतात, आणि त्याच्या खाली पुष्कळदा पांढरट-गुलाबी मऊ माती असते, ती वाहत्या पाण्यापुढे टिकत नाही. पायाचा खंदक जांभ्यावरच थांबला असेल तर पाणी भरावाला हातही न लावता खालून निघून जातं. याची खूण म्हणजे धार पायथ्यापासून दहा-पंधरा मीटर लांब, चोंढ्यात (खालच्या भातखाचरात) कुठेतरी उमटते. त्या मातीचा खडा काचेच्या ग्लासात, स्थिर पाण्यात अलगद सोडून बघा. न ढवळता भोवती दुधी ढग पसरला तर ही माती भरावात वापरायची नाही आणि बांधाच्या पायाखाली असेल तर तिच्यावरून पाणी वाहू द्यायचं नाही.

तिसरी जागा गेल्या काही वर्षांत फार दिसू लागली आहे. शेतकरी सांगतात, "बांध चाळीस वर्षं गळला नाही, गाळ काढल्यापासून गळायला लागला." यात जादू काही नाही. तळाशी बसलेला बारीक गाळ हाच त्या बांधाचा फुकटचा अस्तर-कागद होता. गाळमुक्त धरण योजनेत किंवा खासगीत पोकलेन लावला, चांगला गाळ भरावाच्या आतल्या पायथ्याशी मिळाला, तो खरवडून नेला. गाळ जरूर काढा, शेताला सोनं आहे. पण भरावाच्या आतल्या पायथ्यापासून पंधरा-वीस मीटरचा पट्टा हात न लावता सोडायचा. आधीच खरवडला असेल तर तिथे चिकट मातीचा अर्धा-पाऊण मीटर थर थराथराने दाबून परत घाला. शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरण्याची कल्पना कुणीतरी देतंच. कोकणात ती जपून. पावसात भूजल वर येतं, साठा त्या वेळी कमी असला तर कागद खालून फुगून वर येतो आणि जोड उसवतात.

मुळांचं थोडक्यात. भरावावर अकेशिया, काजू, बांबू काही नको. झाड जिवंत असताना वादळात उन्मळून भरावाचा लचका घेऊन जातं, मेल्यावर कुजलेल्या मुळाच्या जागी तयार नळी राहते. मोठं झाड नुसतं तोडू नका. तोडलं तर बुंधा मुळांसकट उकरून तो खड्डा थर देऊन दाबावा लागतो, आणि त्या वेळी साठा रिकामा हवा. गवत हवं, वाळा तर उत्तमच. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, गवत कापून ठेवा, नाहीतर जुलैत पायथ्याची ओल दिसणार कशी?

आणि खेकडे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसेक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांचं नाव घेतलं आणि राज्यभर हसं झालं. खेकडा बीळ करतो हे खरंच आहे. मुठे, कुर्ल्या, उंदीर, घुशी सगळेच भराव पोखरतात, आणि लहान बांधाची जाडी कमी असल्याने तिथे ते जास्त नडतं. पण बीळ दिसतं. ते दर आठवड्याला बघून, उकरून, थर देऊन बुजवायचं काम माणसाचं आहे. बीळ आतून कुठवर गेलंय हे न बघता तोंडावर मातीचा गोळा बसवला तर आतली पोकळी तशीच राहते.

बुजवलं की सरकतं, ते का

भरावाच्या आत पाण्याची एक तिरकी रेघ असते, साठ्याकडून पायथ्याकडे उतरत जाणारी. तिच्या खाली माती पूर्ण भिजलेली, वर जवळजवळ कोरडी. पायथ्याला पाणी बाहेर पडायला वाट असली तर ही रेघ खाली राहते. तुम्ही मागच्या बाजूने चिकणमाती आणि कोबा लावून ती वाट बंद केलीत की रेघ वर चढते. आता भरावाचा जास्त भाग भिजलेला, जड आणि मऊ. पाणी जिथे कमी विरोध तिथे नवी वाट काढतं, म्हणून धार दोन हात सरकते. कधी सरकत नाही, थेट मागचा उतारच घसरून येतो. मग लोक म्हणतात, "यंदा काही गळत नव्हतं, अचानक फुटलं." गळत नव्हतं हीच तर अडचण.

त्यामुळे नियम असा: अडवायचं ते पाण्याच्या बाजूने, बाहेर पडू द्यायचं ते मागच्या बाजूने, पण गाळून.

मागच्या बाजूचं काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा. ओलसर पट्ट्याची वरची सैल माती, कोबा, गवत काढा. त्यावर ३० सेंटिमीटर वाळू, त्यावर तेवढीच खडी, वर दगडाचा पायथा, म्हणजे ज्याला खात्यातले लोक रॉक टो म्हणतात तो. पाणी गोळा होऊन खाचेच्या पत्र्यापर्यंत जाईल असा चर. भरावाच्या उताराला आधार हवा असेल तर तो या वाळू-खडीच्या वर घाला, खाली नाही. मागचा उतार दोनास एकपेक्षा उभा असेल, म्हणजे मीटरभर उंचीला दोन मीटरपेक्षा कमी पसरलेला, तर तोही अडीचास एकच्या आसपास आणून ठेवा. लहान भरावांसाठी भारतीय मानक आयएस १२१६९ (१९८७) आहे. गावचा जेसीबीवाला ते वाचणार नाही, पण ज्या अभियंत्याला तुम्ही सल्ला विचाराल त्याने वाचलेलं असावं.

वाळू कुठली, यावर सगळं अवलंबून आहे. क्रशरची धूळ मिसळलेली वाळू गाळणीच्या कामाची नाही. परीक्षा घरी होते. ओलसर वाळू वाटीत दाबून ताटात उलटी करा, वाटीच्या आकाराचा ढीग उभा राहील. आता ताटात हळूहळू पाणी सोडा. पाणी चढेल तसा ढीग कोसळून पसरला तर वाळू चांगली: भरावात भेग पडली तरी ही वाळू भेगेत कोसळून ती भरेल. ढीग तसाच ताठ उभा राहिला तर त्यात बारीक माती-धूळ जास्त आहे. अशी वाळू भेगेसकट उभी राहते आणि पाण्याला दार उघडं ठेवते. धुऊन पुन्हा परीक्षा घ्या. डंपर खाली करायच्या आधी घ्या, नंतर तो परत जात नाही.

पाण्याच्या बाजूची दुरुस्ती साठा उतरवून. इथे घाई नको. दिवसाला फूटभरापेक्षा जास्त पाणी उतरवलं तर भिजलेल्या आतल्या उताराचा आधार एकदम जातो आणि तो साठ्यात घसरतो. रात्रीची आणीबाणी वेगळी, तिथे हा धोका पत्करावाच लागतो. नवी माती घालायची तर १५ ते २० सेंटिमीटरचे थर. मुठीत दाबली की गोळा व्हावा, हाताला पाणी लागू नये, एवढीच ओल. प्रत्येक थर रोलरने किंवा धुमसाने दाबायचा, आणि पुढचा घालण्याआधी वरचा पापुद्रा खरवडायचा. जेसीबीच्या बकेटने वरून दोन थापट्या मारणं म्हणजे दाबणं नव्हे. माती दाबणाऱ्या कामाचं बिल तासावर ठरवू नका, थरावर ठरवा. एवढ्या एका गोष्टीने अर्धा फरक पडतो.

सांडव्यावरची जाळी

गळतीच्या नादात हे राहून जातं, म्हणून मध्येच. मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलं की टिकत नाही, मग तो कितीही नीट दाबलेला असो. हिशेब करून बघा. पाणलोट २० हेक्टर, त्यातला बराचसा उघडा सडा, म्हणजे पडलेल्या पावसातलं सत्तर टक्के पाणी लगेच खाली. तासाला १०० मिलिमीटरच्या दराने सर आली, आणि कोकणात ती येते, तर सेकंदाला ३.९ घनमीटर पाणी बांधाशी पोचतं. सांडव्यावर अर्धा मीटर पाणी चढू द्यायचं ठरवलं तर सांडवा साडेसहा मीटर रुंद हवा. एक फूटच चढू द्यायचं असेल तर चौदा मीटर. मी पाहतो त्या बांधांचे सांडवे दीड-दोन मीटरचे असतात, "आजवर पुरला" या हिशेबावर. २००५ आणि २०२१ चा जुलै महाड-चिपळूणने पाहिलाय, तेव्हा "आजवर" या शब्दावर फार भार टाकू नये.

त्यात भर म्हणजे मासे. साठ्यात रोहू-कटला सोडतात आणि ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी मारतात. पहिल्या मोठ्या सरीला पाला, फांद्या, प्लास्टिक जाळीवर येऊन बसतं आणि सांडवा अर्धा बंद. दुसरी सवय ऑगस्टअखेर सांडव्यात फळ्या किंवा पोती घालून फूटभर पाणी जास्त अडवायची. गणपतीत पाऊस परत जोर धरतो, सगळे आरतीत असतात, फळ्या काढायला कुणी जात नाही. मासे हवेत तर जाळी सांडव्याच्या तोंडावर नको, साठ्यात बरीच आत, लांब अर्धवर्तुळात लावा, तीही पाण्याच्या दाबाने आडवी पडेल अशी. फळ्या ऑक्टोबरच्या आधी नकोच.

बांध कुणाचा

सातबारा काढा. बहुतेक ठिकाणी सामायिक खातं निघतं. सात-आठ नावं, दोघं वारलेले, वारसनोंद बाकी, तिघं डोंबिवली-विरारला, एक गावी. बांध ज्या गटात आहे तो एकाचा, साठ्याखालची जमीन दुसऱ्याची, पाणी नेतो तिसरा. बांधाखालचं क्षेत्र पोटखराब (लागवडीला न येणारं) म्हणून लागलेलं असेल तर (अ) आहे की (ब) ते बघा. (ब) असेल तर त्या तळ्यावर किंवा ओढ्यावर इतरांचाही वापर सरकार दरबारी मान्य आहे, म्हणजे ते नुसतं तुमच्या घरचं पाणी नव्हे. आणि ओढा मुळात तुमचा नाहीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि वाहतं पाणी सरकारच्या मालकीचं, कुणाची मालकी सिद्ध झाली असेल तेवढा अपवाद. नवा बांध पऱ्यावर घालायचा तर तहसीलची वाट आधी धरावी लागते.

बांध तपासायला सरकारी माणूस येईल ही आशाही नको. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ त्याच वर्षी ३० डिसेंबरला लागू झाला, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटरमधल्यांना लागायचा तर माथा ५०० मीटर लांब, साठा दहा लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी लागते. तुमचा चार मीटरचा बांध त्या कायद्याच्या लेखी धरणच नाही. खालच्या वाडीच्या लेखी मात्र आहे.

मग फुटला तर जबाबदार कोण? दोन जुने निवाडे सांगण्यासारखे आहेत. इंग्लंडमधला रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८: गिरणीमालकाने कंत्राटदाराकडून खासगी तलाव बांधून घेतला, कंत्राटदाराने खाली सापडलेल्या जुन्या खाणीच्या वाटा नीट बुजवल्या नाहीत, पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं. मालकाला हे ठाऊकही नव्हतं, तरी भरपाई त्याच्यावर आली. दुसरा आपल्याकडचा, मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेतीनगरचे जमीनदार, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय), १८७४. जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तरी तो सुटला. का सुटला हे महत्त्वाचं: असे तलाव राखणं ही या देशातली परंपरेने आलेली जबाबदारी, आणि त्याने ते निष्काळजीपणे ठेवले होते असं सिद्ध झालं नाही. "देवाची करणी" म्हणून हात झटकणाऱ्याला यातला कुठलाच निवाडा वाचवत नाही. वही ठेवलेली, सांडवा मोकळा ठेवलेला, धोका दिसताच खाली कळवलेलं, हे दाखवता आलं तर बोलायला तोंड राहतं.

उत्तर कोकणात याची जुनी घडी होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेल्या खारबांधांना अलिबाग-पेणकडे शिलोत्रदार असायचे. बाहेरचा मोठा बांध त्यांनी राखायचा आणि त्याबद्दल आतल्या प्रत्येक कुळाने बिघ्यामागे भात द्यायचं. त्या पद्धतीत पिळवणूकही झाली, तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण बांध राखणं हे मोबदल्याचं काम आहे, फावल्या वेळातलं नव्हे, हे तिथे कुणाला समजावावं लागत नव्हतं.

आजच्या घडीला निदान इतकं कागदावर आणा. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सगळ्या सहहिस्सेदारांना एकत्र बसवा. पाण्याच्या वाट्याच्या प्रमाणात खर्चाचा वाटा लिहून काढा, तालुक्यातल्या वकिलाकडून करार करून घ्या, पाण्याचा हक्क सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवता येतो का तेही तिथेच विचारा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बांधावर रोज फेरी मारणाऱ्या माणसाला पगार ठरवा. व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडे, मुंबईच्या कपाटात नको. आणि पाणी उतरवायचा निर्णय त्याने कुणालाही न विचारता घ्यायचा, हेही लिहा. रात्री अकराला बोरिवलीहून "थोडं थांब, आंब्याला पाणी पुरायला हवं" असं सांगणारा एक तरी आवाज निघतोच.

जमीन विकत घेणाऱ्यांसाठी एक ओळ: बागेत "बारमाही तळं" आहे म्हणून दर वाढवून सांगत असतील तर व्यवहार ऑगस्टमध्ये जागा पाहिल्याशिवाय करू नका, आणि मागच्या उतारावर नवा कोबा दिसला तर तो का केला ते खालच्या वाडीत विचारा.

नको असेल तर

कुणी राखायला तयार नाही, पाण्याचीही फार गरज उरली नाही, असे बांध दिवसेंदिवस वाढतायत. ते तसेच सोडून देणं सगळ्यात वाईट. रीतसर मोडा. जानेवारीत साठा हळूहळू रिकामा करा. मूळ पऱ्याच्या जागी भरावाला खाच मारा, तळ थेट पऱ्याच्या मूळ तळापर्यंत, रुंदी निदान पऱ्याच्या पात्राएवढी, बाजूचे उतार दोनास एक किंवा त्याहून आडवे. अर्धवट खोल खाच ठेवली तर उरलेला भराव अजून धरणच असतो. काढलेली माती पात्रात लोटू नका, वर काठावर पसरवा. मागे साचलेला गाळ आधी शेतात न्या, नाहीतर पहिल्या पावसात तो खालच्याच्या भातात जाईल आणि नवं भांडण उभं राहील. खाचेच्या दोन्ही उतारांवर वाळा लावा. पुढचे दोन पावसाळे प्रत्येक मोठ्या सरीनंतर खाचेत अडकलेली लाकडं काढून टाका, नाहीतर त्यांच्यामागे पाणी पुन्हा तुंबायला लागतं.